विन्या, सईला भाषाविज्ञान शिकायचंय

पुणे, जून

प्रिय विन्या,

आईची साखर आटोक्यात आहे, माझं बीपी गोळीवर चाललंय, अनघाची मान अधूनमधून धरते. तब्येतीचं एवढंच. फोनच केला असता, पण आमच्या घरात एकाचा फोन सगळ्यांना ऐकू जातो, आणि हे मला नीट सांगायचंय.

सईला भाषाविज्ञान शिकायचंय. आपण बी.ए., बी.एस्सी. उरकून मग येरवड्याला डेक्कन कॉलेजात एम.ए.ला जाऊन धडकलो, तसं नव्हे. आत्ता, बारावीनंतर थेट. गणितात वर्गात पहिली आलीय, त्यामुळे अनघाला काही सुचेनासं झालंय. दादाने फोन करून विचारलं, ‘म्हणजे मराठी घेणार का ती?’ आई म्हणते, शिकू दे की पोरीला. आणि मी गप्प आहे. का गप्प आहे, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

झालं असं. परीक्षा संपल्यापासून ही पोरगी आईच्या मागेमागे असायची. मला वाटलं, आजीचा लळा. परवा टेबलावर तिची वही उघडी दिसली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘जातो’, उजवीकडे ‘जाते’, आणि खाली कोण समोर होतं, कशावरून बोलणं चाललं होतं, सगळं बारीक अक्षरात. आईचं कोल्हापूर अजून सुटलेलं नाही हे तुला माहीत आहे. ‘मी जेवलो’, ‘मी येतो’, तिकडच्या बायका बोलतात तसंच. सईने टिपलं होतं की गडहिंग्लजहून मावशीचा फोन आला की आजी सरसकट ‘जातो’. वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या की लगेच ‘जाते’. अनघाशी बोलताना एरवी ‘जाते’, पण कुरबूर झाली की ‘जातो’. देवापुढे दिवा लावताना पुटपुटते तेव्हा ‘आलो रे बाबा’. आणि पानाच्या तळाशी लाल शाईत प्रश्न: काकू गेल्यावर आजी ‘जातो’वर परत यायला किती वेळ लागतो?

विन्या, हा प्रश्न तिला कुणीही शिकवलेला नाही. मी तर नाहीच. वही हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो.

मला पहिल्यांदा आठवली ती आपली मेस. तू नागपूरहून नुकता आला होतास आणि ‘मी जेवून राहिलो’ म्हणालास तेव्हा सगळं टेबल हसलं होतं, त्यात मीही होतो. सरांनी दुसऱ्या दिवशी तुला वर्गात पुढे खुर्चीवर बसवलं आणि आम्हाला सांगितलं, हा आजचा तुमचा निवेदक, म्हणजे ज्याचं बोलणं ऐकून भाषा अभ्यासायची तो माणूस, काढा याच्या बोलीतले काळ. दुपार संपेपर्यंत हसणारे सगळे घामाघूम, आणि तू राजासारखा बसलेला. त्या रात्री तू झोपला नाहीस. आपण अडाणी बोलत नव्हतो, नियमाने बोलत होतो, हे तू मला अंधारात चार-चारदा सांगत होतास. सईच्या वहीत मला तेच दिसलं. म्हणून हे पत्र तुला.

अनघाची काळजी नोकरीची आहे आणि ती खोटी नाही. माझी तासिका तत्त्वावरची वर्षं तिने पाहिलीत. दर जूनला त्या कॉलेजात नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, पगार कधी दिवाळीला तर कधी मार्चला. भाषाविज्ञान हा नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, स्वतंत्र विषय आहे, मी पास झालो, आणि मग कळलं की महाराष्ट्रात पदवीला हा विषय स्वतंत्रपणे शिकवणारी कॉलेजं शोधावीच लागतात. मराठीच्या किंवा इंग्रजीच्या बी.ए.ला एखादा पेपर असतो, पण जागा मराठीची किंवा इंग्रजीची, त्यामुळे एम.ए.ही त्याच विषयात लागतं. तेव्हा अनघा एकटीच्या पगारावर घर चालवत होती. तिने भीती धरली तर तिला काय बोलू?

माझी काळजी वेगळी आहे. सई आत्ता जे करते आहे, ते तिला तीन वर्षांत कुणी विसरायला लावू नये. भाषेची व्याख्या, भाषेची लक्षणं, भाषाकुलं, सगळं वहीत उतरवून परीक्षेत ओकायचं, अशी पदवी मिळणार असेल तर तिने इंजिनिअरिंग केलेलं परवडलं. पदवीच्या वयात कान तयार व्हायला हवा. अनोळखी भाषेतली वीस वाक्यं समोर टाकावीत आणि सांगावं, यातलं अनेकवचन शोध. कुणाचं तरी बोलणं ध्वनिलेखनात, जसा उच्चार तशा चिन्हांत, उतरवून घ्यावं आणि चुकलेलं तिथल्या तिथे दाखवावं. हे जिथे होतं तिथे तिने जावं, मग ते गाव कुठलंही असो.

आम्ही बापलेकीने सगळं चाळलं. आपलं डेक्कन कॉलेज एम.ए.पासून पुढे. अलीगढला बी.ए. ऑनर्स आहे, बनारसलाही पदवीला विषय मिळतो. हैदराबादला तुझ्या अंगणात ट्रिपल आयटीत पाच वर्षांचा जोडअभ्यासक्रम आहे, संगणकशास्त्रात बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानात संशोधन करून एम.एस. ‘बी.टेक.’ ऐकल्यावर अनघाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेचा आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचा वाचा-उपचाराचा पदवी अभ्यासक्रमही पाहिला. चार वर्षं, त्यात इंटर्नशिप, आणि पुढे हाताला काम. सईने तो मन लावून वाचला आणि म्हणाली, ‘बाबा, काम फार चांगलं आहे, पण मला लोकांचं बोलणं दुरुस्त करायचं नाही, ऐकायचंय.’ मी तिला सांगितलं, तोतरं बोलणाऱ्या मुलाचंही आधी ऐकावंच लागतं. त्यावर ती विचारात पडली आहे.

ट्रिपल आयटीवरून मात्र माझ्याच पोटात गोळा येतो, आणि इथे तू मला लागतोस. पैसा आता तुमच्याकडे आहे, यंत्राला बोलायला शिकवण्यात. सरकारनेही २०२२ साली भारतीय भाषांच्या यंत्रभाषांतरासाठी भाषिणी काढली. पण तूच गेल्या वेळी म्हणालास ना, की दिवसच्या दिवस तू एकाही बोलणाऱ्या माणसाचं तोंड पाहत नाहीस, नुसत्या फायली येतात? मी फोनच्या सेटिंगांची मराठी तपासतो, तिथेही बाईच्या तोंडी ‘मी जातो’ आलं तर चूक म्हणून नोंदवायचं असा नियम आहे. तुमच्या यंत्राला माझी आई चुकीची वाटते का रे? सरळ सांग. वाटत असेल, तर ते बदलायला सईसारखं कुणीतरी आत बसलेलं बरं, की आत बसून तिचेही कान तसेच होतील?

जामोदला आपण गेलो होतो ते आठव. निहाली बोलणारे उणेपुरे दोन-अडीच हजार, जगातल्या कुठल्याही भाषेशी त्या भाषेचं नातं लागत नाही, आणि आपण बुलढाण्याच्या उन्हात टेपचे सेल तापवत बसलेलो. तू म्हणत होतास तो शब्द शेजारच्या कोरकू भाषेतून आलाय, मी म्हणत होतो नाही. मी अजूनही नाहीच म्हणतो. ते आजोबा आपलं भांडण ऐकून शेवटी हसत सुटले आणि आपणहून पंधरा शब्द जास्तीचे दिले. सईला हे हवंय. पण या कामाची वर्षभर टिकणारी नोकरी कुठे आहे? प्रकल्प येतो, निधी संपतो, पोरं घरी.

तरी काम चाललंय, हेही खरं. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यातली ध्वनिमुद्रणं सई रात्री हेडफोन लावून ऐकते. इंग्रज अमदानीत ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या १९०५च्या मराठी खंडातली बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट तिला सापडली, बोलीबोलीत तीच गोष्ट. मी तिला सांगितलं की होस्टेलला विनूकाकाचं नाव ‘उधळ्या’च होतं आणि महिनाअखेरीला तो माझ्या पैशांवर जगायचा. हसून लोळली.

माझं मत विचारशील तर सांगतो. तिने शिकावं. ट्रिपल आयटीची परीक्षा द्यावी, जमलं तर जावं, पण सुट्टीत कुठल्यातरी गावात जाऊन बसण्याची अट माझी. नाही जमलं तर इथेच गणित-संख्याशास्त्र घेऊन पदवी, जोडीला संस्कृत, आणि मग डेक्कन. तिला मधली वाट नको, तिला अलीगढ हवंय. तुझं गणिताचं बी.एस्सी. तुला पुढे उपयोगी पडलं की ती वर्षं वाया गेली, यावर तू दर वेळी वेगळं बोलतोस. या वेळी एकच काय ते ठरव आणि तिला सांग. माझ्या तासिकेचं तिला सगळं ठाऊक आहे, तुझी पहिली दहा वर्षं ठाऊक नाहीत. ती न लपवता सांग. अनघाशीही बोल, तुझं ती ऐकते.

तुझं काय? काकांचा गुडघा चालता झाला का? नव्या घराची किल्ली मिळाली असेल. रोहन बंगळुरूला रमला का, वहिनींनी शाळा सोडली की नाही, सगळं लिही, मी घाईत विचारतोय पण ऐकायचंय.

रविवारी रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा सई मोकळी असते. अलीगढच्या फॉर्मची मुदत जवळ आलीय, म्हणून पुढच्या रविवारवर ढकलू नकोस.

तुझा,
उदय