भुंगा आला, आकडे गेले

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अर्थपूर्ण योगायोगांवरच्या लोकप्रिय पुस्तकांची ओळख करून देणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. अशा पुस्तकांना नाके मुरडणाऱ्यांतली मी नाही. अर्थपूर्ण योगायोगांची कल्पना मांडणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्यापर्यंत मीही त्याच वाटेने पोचले. त्यांचा १९५२चा मूळ निबंध थेट हाती घेतला असता, तर दहाव्या पानाला मिटून ठेवला असता.

माझी तक्रार आहे ती या पुस्तकांच्या निवडीविषयी. सोनेरी भुंग्याची गोष्ट त्यांत हमखास असते. एक रुग्ण युंगना स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला कुणी सोन्याचा भुंगा दिला होता. तेवढ्यात मागच्या खिडकीवर टकटक झाली. युंगनी खिडकी उघडून आत आलेला किडा हवेतच पकडला, तर तो सोनेरी-हिरव्या झाकेचा भुंगाच! प्रसंग छानच आहे, पुन्हा वाचतानाही मजा येते.

पण त्याच निबंधात युंग यांनी विवाहित जोडप्यांच्या पत्रिकांवर केलेला प्रयोगही आहे. पहिल्या १८० जोडप्यांत पत्नीचा चंद्र आणि पतीचा सूर्य यांची युती सर्वांत जास्त वेळा आढळली. ज्योतिषाच्या जुन्या परंपरेत ही विवाहाची ठळक खूण! पुढे आणखी पत्रिका आल्या. दुसऱ्या गटात दुसरीच युती वर आली, तिसऱ्यात आणखी वेगळी. एकूण ४८३ जोडपी झाली तेव्हा ती सगळी चमक ओसरली होती. हे युंग यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वर, प्रत्येक गटात विवाहाशी जोडलेलीच युती पुढे यावी हाही एक अर्थपूर्ण योगायोगच, असेही ते म्हणतात. (इथे मला हसू आवरत नाही. पण निदान त्यांनी आकडे लपवले नाहीत.) मी वाचलेल्या लोकप्रिय पुस्तकांत भुंगा सगळीकडे भेटला; ही जोडपी क्वचितच.

दुसरे असे की, ‘विश्व तुम्हाला संदेश देते आहे’ हे वाक्य युंग यांच्या नावावर खपवले जाते. त्यांची कल्पना नेमकी उलटी. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, तरी त्या अर्थाने जोडलेल्या असतात, असे त्यांना म्हणायचे होते. संदेश धाडणारा आणून बसवला की कारण मागच्या दाराने पुन्हा घरात येते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढे म्हणून आपली म्हण थांबते. कावळ्याला कुणी धाडला होता, हे ती सांगत नाही.

गणित तर या पुस्तकांच्या गावीच नसते. २३ माणसे एकत्र आली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, कारण त्या २३ जणांच्या जोड्याच २५३ होतात. दिवसभरात आपण किती चेहरे, नावे, आकडे पाहतो! त्यांतले न जुळलेले कुणाच्या लक्षात राहतात? अर्थात, या हिशोबाने त्या रुग्णाला खिडकीशी काय वाटले असेल ते पुसले जात नाही, आणि पुसावे असे मला वाटतही नाही.

यापुढे अशा पुस्तकाचे परीक्षण छापाल तेव्हा त्यात त्या ४८३ जोडप्यांचा उल्लेख आहे की नाही, तेवढे परीक्षकांना जरूर लिहायला सांगा.

आपली,
एक नियमित वाचक