आजीच्या ओवीचे मी काय केले

परभणी,
१२ जुलै २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सव्वा वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे ते तुझ्या आजीच्या आवाजाविषयी. ही गोष्ट फोनवर सांगण्याचा मी दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा तुझ्या बदलीची चौकशी करून फोन ठेवला. माझी प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे, पेरण्या उरकल्या आहेत.

१९९७ च्या दिवाळीत तुझ्या गावी आपण भरलेली साठ मिनिटांची कॅसेट मी गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून काढली. आतला फेल्टचा तुकडा गळून पडला होता, म्हणून स्क्रू उघडून फीत नव्या कवचात बसवली आणि दोन्ही बाजू संगणकावर उतरवून घेतल्या. पहिल्या बाजूला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. दुसऱ्या बाजूला औरंगाबादच्या पाणचक्कीचे हौदात पडणारे पाणी आहे, आणि वेरूळच्या दहाव्या लेण्यात, त्या दगडी फासळ्यांच्या छताखाली उभे राहून तू लावलेला 'सा' आहे. ती मुळात मामांच्या भजनाची कॅसेट, तिच्यावरच आपण हे भरले, म्हणून त्या बाजूच्या सुरुवातीला त्यांचा अर्धा अभंग अजून शिल्लक आहे. मामा अजूनही भेटले की त्या कॅसेटची चौकशी करतात आणि मी अजूनही त्यांना चहा पाजून वेळ मारून नेतो.

या कॅसेटवरून मी बावन्न मिनिटांचा नवा आल्बम तयार केला आहे. त्यात बाहेरचे एकही वाद्य नाही. जे काही ऐकू येते ते त्या फितीतूनच आलेले आहे. आजीचे स्वर मी पॉलस्ट्रेच या आवाज ताणणाऱ्या संगणक-प्रणालीत घालून कित्येक पटींनी लांबवले, जात्याची घरघर खाली खर्जात नेऊन ठेवली आणि तुझा 'सा' तानपुऱ्यासारखा अखंड चालू ठेवला. आजीच्या आवाजाचे तीन तुकडे १९, २३ आणि २९ सेकंदांच्या फेऱ्यांत फिरतात, म्हणजे एकदा एकत्र निघाले की ते पुन्हा एकत्र यायला साडेतीन तास लागतात. ही युक्ती कुणाची, ते तुला सांगायला नको. 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या आल्बमसाठी ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने वेगवेगळ्या लांबीच्या फितींचे वेटोळे जर्मनीतल्या स्टुडिओत ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांभोवती फिरवले होते, हे वाचल्यावर तू वसतिगृहाच्या खोलीत खुर्च्या मांडून बसला होतास आणि आपल्या एकुलत्या एका टेपरेकॉर्डरने ती फीत खाऊन टाकली होती.

हे सगळे मी तुला न विचारता केले. विचारले असते तर तू नाही म्हणाला असतास, अशी भीती होती. आणि त्याहून मोठी भीती अशी की तू लगेच हो म्हणशील आणि मग मनातल्या मनात वर्षभर झुरशील.

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींच्या वर्गात सतरंज्या टाकून मी तो सोळा जणांना ऐकवला. बाहेर पाऊस होता, दिवे मंद केले होते. त्यानंतरच्या सात दिवसांत मला नीट झोप लागलेली नाही, कारण त्या लोकांनी जे सांगितले त्यातले एकही मत मला खोडून काढता येत नाही, आणि ती सगळी एकत्र तर खरी असूच शकत नाहीत.

पहिल्यांदा बोलला तो माझा पुतण्या. त्याला आल्बम अतिशय आवडला, त्याने दुसऱ्या दिवशी फाईल मागून घेतली आणि आता तो रोज रात्री कानाला लावून झोपतो. त्याने विचारले, "काका, हा आवाज कोणत्या सिंथेसायझरचा आहे?" मी सांगितले की ती माझ्या मित्राची आजी आहे आणि ती जात्यावर ज्वारी दळत आहे. तो चकित झाला, पण त्याच्या ऐकण्यात त्यामुळे काही फरक पडला नाही. मला मात्र त्या प्रश्नाने गार पडल्यासारखे झाले. शेजारच्या ताई जिल्ह्याच्या दवाखान्यात रात्रपाळी करतात. त्या म्हणाल्या की पहाटे तीनला वॉर्डात सगळे झोपलेले असतात तेव्हा जशी शांतता असते, तिची आठवण झाली, आणि कुणीतरी जागे आहे असा धीर वाटला. यापेक्षा चांगली दाद मला आयुष्यात मिळालेली नाही. कुणीतरी पहाटे जागे आहे, हीच तर ओवी होती.

तबलजींचे म्हणणे मात्र नेमके वर्मावर बसले. ते म्हणाले की ओवीची लय गाणाऱ्या बाईच्या गळ्यात नसते, ती जात्याच्या फेऱ्यात असते. खुंटा पुढे ढकलताना शब्द बाहेर पडतो आणि अंगाकडे ओढताना श्वास घेतला जातो. "तू स्वर ताणलास तेव्हा फेरा मोडला, आणि फेरा मोडल्यावर जे उरले ते कितीही सुंदर असले तरी ती ओवी नव्हे." मी म्हणालो, ती ओवी आहे असा माझा दावाच नाही. ते म्हणाले, "मग आजीचा आवाज कशाला हवा होता? कुणाचाही चालला असता."

गुरुजी सर्वांत शेवटी बोलले. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घेतात, हे मी बोलण्याच्या ओघात म्हणालो होतो. दगड तोच, फक्त नव्याने खडबडीत केलेला, तसेच मी या कॅसेटचे केले, अशी माझी समजूत होती. गुरुजींनी ती उपमा तिथल्या तिथे माझ्यावर उलटवली. टाकी लावल्यावर जात्यातून पीठ चांगले यायला हवे, असे ते म्हणाले. "तुझ्या आल्बममधून आजी गाते ते काय, हे एकाही माणसाला कळले नाही, तर पीठ कुठे आहे?" भावाला उद्देशून तिने गायलेल्या ओळींतला 'भाऊराया' इतका लांबला आहे की त्यातला फक्त 'आ' शिल्लक राहिला आहे, आणि त्या 'आ'ला भाऊ नाही.

आता तू म्हणशील की जुन्याचे नवे करणारे जगात आपण पहिले नव्हेत. मीही गेला आठवडाभर स्वतःला हेच समजावतो आहे. तुझ्या आतेभावाने मुंबईहून भरून आणलेले ईनोचे 'डिस्क्रीट म्युझिक' आठव. १९७५ साली अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला ईनो, एका बाजूचा बंद स्पीकर, उठून आवाज वाढवण्याची ताकद नाही आणि पावसात मिसळून ऐकू येणारी ती हार्पची तबकडी, ही कथा तू मला इतक्या वेळा सांगितलीस की आपणच त्या खोलीत होतो असे वाटायचे. त्याच आल्बमच्या दुसऱ्या बाजूला पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन' मोडून पुन्हा मांडलेला आहे, आणि त्यातल्या एका भागात वाद्य जितके खर्जातले तितकी त्याची गती संथ होत जाते. जात्याची घरघर मी खाली नेली ती तिथूनच शिकून. संगीतकार मॅक्स रिक्टरने २०१२ मध्ये विवाल्डीचे 'फोर सीझन्स' नव्याने लिहिले, तेव्हा मूळ संगीताचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग त्याने टाकून दिला होता. आणि विल्यम बेसिन्स्की या अमेरिकन संगीतकाराबद्दल तर आपण एक पूर्ण रात्र भांडलो आहोत. १९८० च्या दशकातल्या त्याच्या फिती तो २००१ मध्ये संगणकावर उतरवू लागला, तेव्हा फितीवरचा लोहाचा थर फिरता फिरता गळू लागला, आणि ते गळणे त्याने थांबवले नाही, तसेच ध्वनिमुद्रित होऊ दिले. तू म्हणालास की हे नशिबाने हाती आलेले संगीत आहे, त्यात कर्तृत्व काय; मी म्हणालो की यंत्र बंद न करणे हेच कर्तृत्व आहे.

पण ही उदाहरणे जितकी आठवतो तितका मी अधिक अडचणीत येतो. बेसिन्स्कीच्या फिती त्याच्या स्वतःच्या होत्या. विवाल्डी १७४१ मध्ये वारला आणि त्याच्या घरचे कुणी सतरंजीवर येऊन बसण्यासारखे नव्हते. आजीचे मात्र तुम्ही सगळे आहात. जिंतूरहून तुझी ताई त्या संध्याकाळी मुद्दाम आली होती. विसाव्या मिनिटाला ती उठून बाहेर गेली आणि पत्र्याच्या पागोळ्यांखाली उभी राहिली. मी मागोमाग गेलो. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "मला वाटलं होतं, आज आजीला गाताना ऐकायला मिळेल." मग चप्पल घालून ती रिक्षाने स्टँडवर गेली. तिने तुला काही सांगितले असेल तर त्यातला प्रत्येक शब्द खरा समज.

दुसऱ्या दिवशी मला घरी बसवेना. एकादशीचा उपास तसाच ठेवून मी गंगाखेडवरून तुझ्या गावी गेलो. आजीच्या जोडीला जात्यावर बसणारी समोरच्या वाड्यातली म्हातारी अजून आहे. नव्वदीला टेकली आहे, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. ओसरीवर छोटा स्पीकर ठेवून मी तिला आल्बम लावून दिला आणि कशाचा आवाज आहे हे मुळीच सांगितले नाही. पहिली दहा मिनिटे ती मान खाली घालून होती, मला वाटले तिला झोप लागली. मग तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला. ज्या ठिकाणी मी घरघर सर्वांत खाली नेली आहे तिथे ती एकदम म्हणाली, "दाणं सरायलेत बघ. वैरण टाक की बाई."

मी घरी येऊन मूळ फीत तपासली. त्या ठिकाणी खरोखरच जात्यातले दाणे संपत आलेले आहेत. दगडावर दगड घासल्याचा तो पोकळ, कोरडा आवाज मूळ फितीवर जेमतेम चार सेकंद आहे, आणि पुढच्याच क्षणी आजी मूठभर दाणे, म्हणजेच वैरण, जात्याच्या तोंडात टाकते तेव्हा तो पुन्हा भरतो. अठ्ठावीस वर्षे मी ती कॅसेट ऐकतो आहे आणि मला ते कधी कळले नव्हते. मी तो आवाज केवळ त्याच्या खोलीसाठी निवडला होता. म्हातारीने तो ओळखला, लांबवलेला असूनही ओळखला, आणि तिने सांगितलेली वैरण मात्र माझ्या आल्बममध्ये कुठेच पडत नाही, कारण ती चार सेकंद मी सहा मिनिटे फिरवत ठेवली आहेत. निघताना तिने मला विचारले की तुझी आजी कुठे आहे. जनाबाईच्या गावाशेजारी राहणाऱ्या बाईला मी काय सांगणार? मी म्हणालो, दळते आहे. तिने मान हलवली.

मित्रा, मला आता कळत नाही की कुणाचे ऐकावे. म्हातारीला फेरा सापडला, तबलजींना सापडला नाही. पुतण्याला झोप मिळाली, तुझ्या ताईला आजी मिळाली नाही. शब्दांवाचूनही आवाजात माणूस उरतो, असे मी इतकी वर्षे तुझ्याशी भांडून सांगत आलो, आणि आता वाटते की तो फक्त त्यालाच सापडतो ज्याने त्या माणसासमोर बसून खुंटा धरला होता. बाकीच्यांना शब्द द्यावेच लागतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कोणती ओवी गायली याची नोंद ठेवली. आपण मात्र कॅसेटच्या वेष्टनावर 'आजी, बाजू १' एवढेच लिहिले होते. या आठवड्यात मी बसून सगळ्या ओव्या वहीत उतरवल्या. एकवीस आहेत. तीन ठिकाणी शब्द लागत नाही, तिथे जागा सोडली आहे. त्या जागा तू किंवा ताई भरू शकाल.

आणखी एक कबुली राहिली. १९९७ मध्ये मी आजीच्या ओव्यांखाली कॅसिओ कीबोर्डचे स्वर घालण्याचा हट्ट धरला होता, आणि मधला तिचा खोकला, शेळीचे ओरडणे व लांबून आलेला एसटीचा हॉर्न हे सगळे पुसून टाकले होते. त्यावरून तू माझ्याशी चार महिने बोलला नाहीस. तू म्हणाला होतास की मी आवाज धुऊन काढतो. या वेळी मी कॅसिओ काढून टाकला, तो जिथे जिथे होता ते तुकडेच घेतले नाहीत, आणि खोकला शोधत बसलो. तो गेलेला आहे. पुसलेल्या जागी मंद खरखर आहे आणि तिच्यात काहीही नाही. तुझे बरोबर होते. हे लिहायला मला अठ्ठावीस वर्षे लागली.

तुझ्या बदलीचे नक्की झाले का? बंगळूरला घर मोठे मिळाले असे वहिनी म्हणाल्या, आनंद वाटला. मुलीच्या बारावीच्या निकालाचे पेढे अजून आमच्याकडे पोचलेले नाहीत, तेवढे मात्र लक्षात ठेव. तुझ्या पाठदुखीवर पोहणे चालू ठेव.

आता कामाचे. आल्बम मी कुठेही प्रसिद्ध केलेला नाही आणि तुझे उत्तर येईपर्यंत करणार नाही. पुतण्याकडची फाईल तेवढी त्याच्याकडे राहू दिली आहे. पेन ड्राइव्ह कुरिअरने पाठवतो आहे. त्यात मूळ कॅसेट जशीच्या तशी आहे, नवा आल्बम आहे आणि ओव्यांच्या वहीची छायाचित्रे आहेत. आधी मूळ ऐक. मी तो खोकला पुसण्यापूर्वी तू पहिल्या बाजूची एक प्रत ताईसाठी भरून घेतली होतीस, असे मला पुसटसे आठवते. ताई म्हणते की ती तिच्याकडे कधी आलीच नाही, म्हणजे ती तुझ्या सामानात असली पाहिजे. बदलीच्या गडबडीत खोकी उघडशील तेव्हा निळ्या वेष्टनाची कॅसेट दिसते का बघ. दिसली तर यंत्रात घालू नकोस, फीत फार जुनी आहे. जशी असेल तशी माझ्याकडे पाठव.

तुझा,
परभणीकर