गदा, कारली आणि तुझा हात

सातारा, रविवार दुपार

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतक्या बुड्या मारून सापडलं काय?" आई शेजारी होती, म्हणून टाळलं. आता सांगतो, पण गावभर करू नकोस. एक मऊ प्रवाळ सापडलंय आणि ते अजून कुणी नोंदवलेलं नाही असं वाटतंय. 'वाटतंय' हाच सगळा घोळ आहे.

आजीला सांगितलं तर तिनं अंगठीच पुढं केली, "हेच ना?" हसणार होतो, पण म्हातारीचं फार चुकलं नव्हतं. मंगळासाठी घालतात ते पोवळंही याच आठ भुजांच्या खानदानातलं. या कुळात प्रत्येक पॉलिपला, म्हणजे प्रवाळातल्या एकेका इवल्या जिवाला, आठ भुजा, कडेनं पिसासारख्या झालरी. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांच्या भुजा सहाच्या पटीत. आमचं ध्यान मात्र अंगठीत बसायचं नाही. दाबलं तर भिजलेल्या चामड्यासारखं लागतं.

ओळख पटते ती आतल्या चुन्याच्या कणांवरून, स्क्लेराइट म्हणतात त्यांना. चण्याएवढा तुकडा काचेच्या नळीत टाकायचा, वर कपड्यांचं ब्लीच ओतायचं. फेस येतो, मांस विरघळतं आणि तळाशी पांढरा रवा उरतो. तो चार-पाचदा पाण्यानं धुवायचा, घाई केलीस तर बारीक कण पाण्याबरोबर मोरीत. हे सायन्युलारिया वंशातलं, म्हणून बुंध्यातले कण काही मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसतात. भिंगाखाली बघ, हुबेहूब पांढरी कारली, अंगभर गाठी. वरच्या सालीतले कण मात्र इवल्याशा गदा, मारुतीच्या हातातल्यासारख्या. कुठल्या गदेचं डोकं कसं, यावर आमची भांडणं चालतात. खरंच!

पहिला नमुना तर वायाच गेला. कुणीतरी तो फॉर्मालिनमध्ये घालून ठेवला. फॉर्मालिन हळूहळू आंबट होतं आणि चुना खातं. काही महिन्यांनी ब्लीच घातलं तर तळाशी काहीच नाही! डीएनएचीही वाट लागलेली. पुन्हा बुडी, पुन्हा नमुना, या वेळी अल्कोहोलमध्ये, बरणीला हात लावायचा मीच.

डीएनए काढला की काम झालं असं लोकांना वाटतं. या कुळाच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, म्यूटएस नावाचं एक जनुक असतं, इतर प्राण्यांत नसणारं. ओळखीसाठी तेच वाचतात, पण ते इतकं सावकाश बदलतं की दोन वेगळ्या जातींचीही अक्षरं तंतोतंत जुळू शकतात. म्हणजे परत गदा आणि कारलीच.

खरं काम पुढंच आहे. जुन्या वर्गीकरणानुसार या वंशात दीडशेच्या वर जाती. एहरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानं 1834 मध्ये तांबड्या समुद्रातल्या काही नोंदवल्या, त्या काळापासूनची वर्णनं चाळायची. जुनी कित्येक दोन-चार ओळींची, चित्राचा पत्ता नाही. शंका आली की ज्या नमुन्यावरून नाव दिलं तोच संग्रहालयातून काढून बघायचा. मुलीकडच्यांनी सोयरीक तपासावी तसं. आपलं नवं आहे यापेक्षा, ते दुसऱ्या कुणाचंच नाही हे दाखवण्यात वर्षं जातात.

नाव विचारू नकोस. रीतसर छापून येण्याआधी फुटलं तर उगाच घोटाळा. स्वतःचं देता येतं का म्हणालास ना? नियमात बंदी नाही, पण माणसं हसतात. आणि कास पठारावरच्या वायतुरा या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात 'सातारेन्सिस' आहे म्हणून समुद्रातल्या जिवाला साताऱ्याचं बिरुद लावायचं, हे कुणाला पटेल?

आता कामाचं. फोटो आहेत, पण गदेच्या गाठी फोटोत एकात एक मिसळतात. शाईनं काढलेली रेषाच खरी. शाळेत माझी जर्नलं तूच रंगवायचास. चाळीसेक कण आहेत, सगळ्या स्लाइड कंदी पेढ्यांच्या खोक्यात रचून ठेवल्यात. मिरजेहून सकाळची एसटी धर, तुझी बारीक निबाची पेनं आण. ट्रेसिंग पेपर मी पोवई नाक्यावरून आणून ठेवतो. खोक्यात पेढे नाहीत, आधीच सांगतो.

तुझा,
दिग्या