सीओपीडीवाल्यांना व्यायाम कोण शिकवणार?

संपादक साहेब, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम धाप लागायचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, म्हणलं की लोक लगेच विचारतात, विडी ओढायचे का? पण पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी 2009 मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर पीटर बार्न्स यांच्यासोबत लिहिलंय की कधीच सिगरेट न ओढलेल्यांनाही हा आजार होतो, चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण. आमच्या आईचं आयुष्य चुलीपुढे गेलं, आता जिना चढताना धाप लागते, औषध ओढायचा पंप मिळाला पण व्यायामाचं कुणी सांगितलंच नाही. या व्यायामाला पल्मनरी रिहॅब म्हणतात, म्हणजे 6-8 आठवडे देखरेखीखाली चालणं, हातापायात ताकद आणणं, ओठ आवळून हळू श्वास सोडायला शिकणं. फुफ्फुसं पहिल्यासारखी होत नाहीत, पण दम कमी लागतो, माणूस घराबाहेर पडतो, आणि महागडं मशीनही लागत नाही! निदान तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तरी हे वर्ग सुरू करा ना.

– एक वाचक, जुन्नर