डोक्याला लागलेला मार आणि कबड्डी

महोदय,

गेल्या आठवड्यात प्रभादेवीला कबड्डीचा सामना पाहत होतो. पकडीत एका चढाईपटूचे डोके बचावपटूच्या गुडघ्यावर आपटले. तोंडावर पाणी मारून त्याला उठवले, त्याने एकच गुणसंख्या दोनदा विचारली आणि पाचच मिनिटांत तो पुन्हा चढाईला गेला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या, हे कबूल करतो.

वारंवारच्या ठोशांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणारा परिणाम अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवला होता. २००२ मध्ये निधन झालेले अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांचा मेंदू डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला आणि ‘सीटीई’ हा, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू हळूहळू झिजत जाण्याचा विकार चर्चेत आला. शुद्ध न हरपणारे धक्केही वर्षानुवर्षे बसत राहिले तर त्याचा धोका वाढतो, आणि खात्रीलायक निदान मात्र आजही मृत्यूनंतरच होते.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ मध्ये डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडूची सोय केली. क्रिकेटकडे पैसा आहे हे मान्य. परंतु शंका येताच खेळाडूला त्या दिवसापुरते बाहेर बसवायला पैसा लागत नाही. एवढा नियम तरी आपल्या मंडळांनी येत्या मोसमापासून लागू करावा.

– एक कबड्डीप्रेमी, लालबाग, मुंबई