सर, तुम्ही माझं नाव विचारलंत

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं, चहा झाला का?" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय, आता बदला विषय!

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती चिडूनच. आधीच्या मार्गदर्शकांकडे चार वर्षं मोडी कागद वाचून दिले. माझी दोन लिप्यंतरं त्यांच्या नावावर छापून आली. तळटीपेत एवढंच, 'मोडी वाचकांचे साहाय्य झाले'. त्यांच्या लेखी मी कायम 'त्या पाटणच्या बाई'. चार वर्षांत नाव काही कळलं नाही त्यांना.

तुम्ही अडतीस वर्षं कॉलेजात शिकवलंत, आणि दर मे महिन्याची सुट्टी पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडण्यात घालवलीत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्याच दप्तरातले निवडक कागद 45 भागांत छापले, तरी बाहेर राहिलेला ढीग संपत नाही, हे तुम्ही इतक्या आनंदाने सांगता की जणू ती वाईट बातमी नव्हेच. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही बोरू हातात दिलात तेव्हा कुठे कळलं, की हात उचलायचा नाही म्हणूनच अक्षरं अशी वळतात.

तर तो कागद. पाटीलकीच्या भांडणाचा. तुमच्या जुन्या लेखात त्याचं साल 1776. तुम्ही वाचलं होतं 'सबा सबैन मया व अलफ', म्हणजे अरबीत 7, 70, 100, 1000. जुन्या कागदांतल्या शुहूर कालगणनेचं साल 1177, त्यात 599 मिळवले की इसवी सन 1776. मला मात्र तिथे 'तिसैन' दिसत होतं. सत्तर नव्हे, नव्वद. वीस वर्षांचा फरक! सवाई माधवराव दोन वर्षांचे, की ते जाऊन दुसऱ्या बाजीरावाचे दिवस आलेले, इतका. तुम्हाला हे सांगायचं कसं, म्हणून मी आठवडाभर झोपले नाही.

तुम्ही भिंग घेतलंत. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग कपाटातून स्वतःच्या लेखाची प्रत काढलीत, 1776 वर लाल रेघ मारून शेजारी 1796 लिहिलंत, आणि पेन तसंच धरून विचारलंत, "तुमचं नाव कसं लिहू? वडिलांचं लावता की सासरचं?"

सर, मला उत्तर देता येईना. तुम्ही थांबलात. पेनाचं टोपणसुद्धा लावलं नाहीत.

दुरुस्तीखाली माझं पूर्ण नाव आणि तारीख आहे. त्या पानाची झेरॉक्स तुम्ही ग्रंथालयाला पाठवलीत हे मला शिपायाकडून कळलं, तुमच्याकडून नाही. मोठी चूक केलेली मोठी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती चूक समासात, स्वतःच्या हाताने, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी खोडणारा माणूस एकच. शहाणपण पुष्कळांकडे असतं हो, पण सरळपणा?

रविवारी येते. एक महजर, जुना निवाड्याचा कागद, आणतेय, चौथ्या ओळीत अडलेय. भिंग काढून ठेवा.

आपली,
नाव तुम्हाला माहीत आहेच.