ठमे, सुझनचं काय करायचं?

प्रिय ठमे,

उशीर झाला वगैरे लिहीत बसत नाही, तुला माझी सवय माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू मीटिंगमध्ये अर्धवट वाचून एक अंगठा पाठवला असतास, म्हणून मेल. तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझा थायरॉइड आटोक्यात. बास.

आता मुद्दा. आमच्या घरात सुझन झालीये, सी. एस. लुईसच्या नार्नियातल्या चार भावंडांतली ती, शेवटी बाहेर राहिलेली. यांना सांगायला गेले तर "कोण सुझन?" म्हणाले आणि परत मॅचमध्ये डोकं. म्हणून तू.

झालं असं की थोरलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. नववीत आहे ती आता. आरशासमोर उभी राहून माझी ती मरून लिपस्टिक लावत होती, ओठांच्या बाहेर गेली की टिश्यूनं पुसायची, परत लावायची. धाकटी सोफ्यावर उताणी, हातात नार्नियाचं सातवं, शेवटचं पुस्तक, आणि ही बया पुस्तकातून मान वर न काढता म्हणते काय, "आई, ताई आता नार्नियाची मैत्रीण राहिली नाही."

शप्पथ सांगते, तुझाच आवाज. अकरावी, गॅदरिंगच्या आदल्या दिवशीचं कॅन्टीन, आणि सगळ्यांसमोर तू मला हेच म्हणाली होतीस. वर्षभर बोललो नव्हतो आपण. तू म्हणतेस सहा महिने, पण ते सोड, ते भांडण आपण समोरासमोर करू.

थोरली काही बोलली नाही. लिपस्टिक पुसलीही नाही, तशीच गेली पार्टीला, याचं मला खरं तर कौतुक वाटलं. पण तेव्हापासून रात्रीचं वाचन बंद. तुला माहितीये ना, धाकटीला नार्निया लावलं ते तिनंच. बीव्हर नवरा-बायकोचे आवाज काढायची, मिसेस बीव्हर तर डिट्टो आमच्या सासूबाई, घर सोडून पळायच्या वेळी शिलाई मशिन कसं न्यायचं म्हणून अडून बसलेली. आता धाकटी एकटी वाचते आणि थोरली हेडफोन लावून बसते.

आणि माझी खरी धास्ती पुढेच आहे. धाकटीचं शेवटचं प्रकरण अजून व्हायचंय. म्हणजे तिला अजून माहीतच नाही की तो रेल्वेचा अपघात खरा होता, पीटर, एडमंड, ल्यूसी, त्यांचे आईबाप, सगळे गेलेत आणि इकडे उरलीये ती फक्त सुझन. हे तिला कळेल तेव्हा ती आपल्या बहिणीला काय म्हणून बसलीये तेही कळेल. लपवून ठेवावं का पुस्तक? ही पोरगी कपाटावरून काढेल. तशीही कपाटात शिरायची दीक्षा पहिल्या पुस्तकानंच दिलीये, त्यातली पोरं कपाटातूनच नार्नियाच्या जादूच्या देशात जातात ना, हिवाळी कपडे काढले की माझ्या कपाटाची मागची फळी ठोकून बघते.

मी परवा रात्री एकटीच पहिलं पुस्तक परत काढलं, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. हसू आलं आधी. टर्किश डिलाइट, चेटकीण एडमंडला देते ती मिठाई, म्हणजे काहीतरी स्वर्गीय असणार असं आपण किती वर्षं धरून चाललो होतो, आणि मग तुझ्या आत्यानं दुबईहून आणलं तर गुलाबाच्या साबणाची वडी! यासाठी एडमंडनं सख्खी भावंडं त्या चेटकिणीला विकली? पण पुस्तक आलं 1950 ला, आणि तेव्हा इंग्लंडात गोळ्या-चॉकलेटं रेशनवर होती, 1953 पर्यंत. त्या पोरांना तो डबा म्हणजे काय वाटला असेल! तरी तुझं मत पक्कं, एडमंडला माफी नको. त्याच्यासाठी सिंहानं जीव द्यायची काही गरज नव्हती, दोन वर्षं चेटकिणीकडे भांडी घासायला ठेवायचा, म्हणे.

आणि आठवतंय, तो सिंह, अस्लान, दगडी टेबलावर मेला तेव्हा तू लायब्ररीत ढसाढसा रडलीस आणि मी थंडपणे सांगितलं, उठेल बघ उद्या सकाळी? तुला वाटलं मी पुढचं वाचलंय. नव्हतं वाचलं. सिस्टरांच्या शाळेत इस्टरच्या नाटकात दरवर्षी मला कबरीवरचा दगड करायचे, बाजूला सरकायचं एवढंच काम, त्यामुळे ही गोष्ट मला आतून माहीत होती.

तर तेच प्रकरण मी या वेळी नीट वाचलं. रात्री सिंह एकटा निघतो, आणि त्याच्या मागे जातात फक्त दोघी, सुझन आणि ल्यूसी. तो म्हणतो, आयाळीवर हात ठेवा, तुम्ही आहात हे मला कळू दे. दोन बाजूंना दोघी. मग झुडपात लपून बघतात, त्याची आयाळ भादरतात, तोंडाला मुसकं बांधतात. सगळे गेल्यावर थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी मुसकं सोडवतात त्या दोघीच. दोर काही सुटत नाहीत, ते मग उंदीर येऊन कुरतडतात. पहाटे टेबल दुभंगतं आणि तो जिवंत उभा असतो, तेही बघतात त्या दोघीच. बायबलमध्ये कबरीपाशी पहिल्यांदा बायका जातात ना, मरिया मॅग्दालेन वगैरे, लुईसनं ती जागा या दोन पोरींना दिलीये. पीटर तिथे नव्हता. एडमंड नव्हता. युस्टस, जिल ही पुढच्या पुस्तकांतली पोरं तर अजून गोष्टीतही आली नव्हती.

आता सातवं काढ. सुझन कुठाय असं कोणीतरी विचारतं. पीटर तुटकपणे सांगतो, ती आता नार्नियाची मैत्रीण राहिली नाही. युस्टस म्हणतो, ती याला लहानपणीचे खेळ म्हणते. जिल म्हणते, तिला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं एवढंच दिसतं. वयानं मोठ्या पॉलीबाई वर आणखी फोडणी देतात. आणि लगेच पीटर म्हणतो, जाऊ दे आता, ती फळांची झाडं बघा किती छान! अख्ख्या बहिणीचा निकाल एका पानात, आणि मग फळं. ठमे, या सगळ्या गप्पांत ल्यूसी एक शब्द बोलत नाही. एक शब्द नाही! त्या रात्रीची एकमेव साक्षीदार ती, आणि ती गप्प. अस्लान तर तोवर आलेलाही नसतो, आणि आल्यावरही सुझनबद्दल बरं-वाईट काही म्हणत नाही. म्हणजे निकाल दिला कोणी, तर जे त्या टेबलापाशी नव्हते त्यांनी. हे मला अकरावीत सुचायला हवं होतं, कॅन्टीनमध्येच तोंड बंद केलं असतं तुझं.

तू म्हणशील, लुईसच्या मनात होतंच तिला बाहेर काढायचं. असेलही. ऑक्सफर्डचा पन्नाशीतला बिनलग्नाचा मास्तर, त्याला लिपस्टिकचं काय कळणार. पण 1957 मध्ये एका मुलानं विचारलं तेव्हा त्यानं उत्तर लिहिलंय की सुझन जिवंत आहे, सुधारायला तिला भरपूर वेळ आहे, कदाचित ती शेवटी अस्लानच्या देशात पोचेल, तिच्या तिच्या वाटेनं. सुधारायला! हा शब्द मला अजून टोचतो, पण दार त्यानं लावलेलं नाही एवढं दिसतंय. आणि मला खरं कोडं त्याचंच पडतं. नऊ वर्षांचा असताना कॅन्सरनं आई गेली त्याची, 1908 ला. 1955 च्या पुस्तकात डिगरी नावाच्या पोराच्या आजारी आईला सफरचंद देऊन वाचवलं त्यानं. आणि पुढच्याच वर्षीच्या पुस्तकात एका पोरीच्या घरातली सगळी माणसं एका फटक्यात नेली, कशी रे बाबा लेखणी धजली?

सासूबाईंचा वेगळाच सूर. आधी त्यांना वाटलं पोरींना ख्रिश्चन करतात की काय या पुस्तकानं. मग मी एमेथचं सांगितलं, तो नार्नियाच्या शत्रुदेशाचा, कॅलोर्मेनचा शिपाई, जन्मभर ताश देवाची भक्ती केली आणि शेवटी अस्लान त्याला म्हणतो, तू मनापासून त्याची केलेली सेवा मला पोचली. सासूबाई म्हणाल्या, यात काय नवीन, गीतेच्या नवव्या अध्यायात आहे हे, 'तेऽपि मामेव'. आणि जपमाळ घेऊन बसल्या, पुस्तक पास! कॅलोर्मेनचे लोक फेटेवाले, सावळे आणि बहुतेक दुष्टच का, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पण बघ ना, जन्मभर दुसऱ्याच देवाला भजणारा अस्लानच्या देशात आत, भावंडांशी दगा करणारा एडमंड आत, शिवाय राजा, आणि लिपस्टिक लावणारी बाहेर. थोरलीनं मला हेच विचारलं तर काय सांगू?

तुझं नवं घर लागलं का नीट? बॉयलरचं झालं का? त्या मॅनेजरला एकदा सुनाव, किती ऐकून घेतेस. आणि रेडिंगहून ऑक्सफर्ड अर्ध्या तासावर असून तू अजून हेडिंग्टनला गेली नाहीस म्हणजे कमाल आहे, होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात लुईस आणि त्याचा भाऊ वॉर्नी एकाच कबरीत आहेत, फोटो पाठव.

तर काम असं आहे. शेवटचं प्रकरण धाकटीला थोरलीनंच वाचून दाखवावं, असं माझ्या मनात आहे. लिपस्टिक लावून वाचू दे. पण मी सांगितलं तर ती डोळे फिरवणार, आणि तुझं ऐकते. ल्यूसीचं ते गप्प राहणं तिला तू दाखव, माझं नाव घेऊ नकोस, तुझाच शोध म्हणून खपव. अकरावीची भरपाई समज. रविवारी फोन कर, आपल्या रात्री साडेआठनंतर, तेव्हा ती क्लासहून आलेली असते आणि जेवण झालेलं असतं. धाकटी तोवर पुढे जाऊ नये म्हणून पुस्तक मी ऑफिसच्या बॅगेत घालून फिरतेय.

तुझी,
मनी